शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या आधी झिजतो. चपलांच्या दुकानदाराला याचं नवल वाटतं, मास्तरांना ओळखणाऱ्यांना वाटत नाही. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. सगळा जन्म शेजारच्या सीटवर बसण्यात गेला. शिकवायच्या गाडीला त्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांचा पाय त्या ब्रेकवरून कधी उठलाच नाही. शिकणारा बिचारा पहिला गिअर शोधत असायचा, तोवर यांनी गाडी थांबवलेली असायची. त्यांच्या हाताखालच्या माणसाला गाडी उत्तम थांबवता येते, हे सगळे मान्य करतात. चालवता येते का, यावर मात्र दोन मतं आहेत.

माणूस भित्रा, आणि ते स्वतःही हे नाकारत नाहीत. गॅस बंद केल्यावर पुन्हा उठून बघणार, जिना उतरताना कठडा सोडणार नाहीत, टीव्हीत कुणी गच्चीच्या कडेला उभं राहिलं की यांच्या तळहातांना घाम. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मास्तरांचा ब्रह्मराक्षस तर घरातच राहायला आला होता आणि चांगला रुळला होता.

आणि अशा माणसाच्या पोटी ती लेक. रांगायची सोडून ती थेट टेबलावर चढली. पोहण्याच्या तलावात सगळ्यात उंच फळीवरून तिने पहिली उडी मारली, तेव्हा बाकीचे आईबाप टाळ्या वाजवत होते आणि मास्तर डोळे घट्ट मिटून शेजारच्या माणसाला विचारत होते, "वर आली का हो? आली का वर?" पुढे ती त्याच तलावावर पोरांना पोहायला शिकवू लागली. आणि चार पैसे साठल्यावर तिने काय घ्यावं? जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, दोन माणसांपुरती, जुनी पण गुरगुरणारी एक लाल स्पोर्ट्स कार.

गाडी दारात आली त्या दिवशी लेकीने शेजारचं दार उघडून धरलं. "बसा ना बाबा. एकच चक्कर."

मास्तरांनी वाकून आत बघितलं. शेजारच्या सीटपुढे नुसती चटई होती. "इकडे ब्रेक नाही," ते म्हणाले.

"अहो, कुठल्याच गाडीत नसतो," बायको म्हणाली.

"म्हणून तर मी कुठल्याच गाडीत बसत नाही."

आणि खरंच बसले नाहीत. लेक रोज विचारायची, मग आठवड्याने विचारायला लागली, मग तिने विचारणं सोडलं.

एक दिवस लेकीने सांगितलं की तिने डोंगराच्या शर्यतीत नाव दिलंय. या शर्यतीत वळणावळणाचा रस्ता बंद करतात, खालून एकेक गाडी सोडतात, आणि कोण कमी वेळात वर पोचतं ते बघतात. मास्तरांनी नको म्हणावं तर लेक मोठी झालेली, हो म्हणावं तर जीभ रेटेना. त्यातून तिने गाडीसाठी कडक स्प्रिंगांचा नि धक्के झेलणाऱ्या नव्या शॉकअपचा अख्खा संच मागवला होता. मूळचे मऊ होते. वळण घेताना गाडी एका अंगावर कलायची, आणि शर्यतीत तसं चालत नाही.

संच बसवायला कुणाकडे द्यायचा म्हणून मास्तर एका गॅरेजात जाऊन आले. तिथला कारागीर एका हाताने बोल्ट आवळत होता आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर कुणाशी तरी भांडत होता. मास्तर चौकशी न करताच माघारी फिरले. घरी येऊन म्हणाले, "दुसऱ्याच्या हातच्या बोल्टवर माझी लेक डोंगर चढणार नाही. मीच बसवतो."

"तुम्ही?" मायलेकी एकदम म्हणाल्या.

तसं काम त्यांना येत होतं. स्कूलच्या गाड्या वर्षानुवर्षं तेच ठाकठीक ठेवत आलेले. हात चांगला होता, फक्त कापायचा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. जुनी स्प्रिंग काढायची तर आधी ती शिकंज्यात धरून दाबावी लागते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते, हे मास्तरांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी स्प्रिंगवर जुनी गोधडी गुंडाळली, गोधडीवर दोर बांधला, डोक्यावर हेल्मेट चढवलं, आणि मान फिरवून, हात लांब करून शिकंज्याचा स्क्रू पिळायला घेतला. प्रत्येक पिळाला स्प्रिंग करकरायची आणि मास्तर थांबायचे. बायको दारातून बघत होती. "बॉम्ब निकामी करताय का?" तिने विचारलं. मास्तरांना हसू आलं नाही. स्प्रिंग सुखरूप बाहेर आली तेव्हा ते तिथेच जमिनीवर बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

बायकोचं पुढच्या खोलीत छोटंसं ब्यूटी पार्लर. हात असा स्थिर की भुवईचा एक केस इकडचा तिकडे होणार नाही. म्हणून पट्टीचं काम तिच्याकडे आलं. आवळलेल्या बोल्टवर, नटापासून बोल्टपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात, तीच पट्टी. नट पुढेमागे सैल पडला तर रेघ तुटते आणि नुसत्या नजरेला कळतं. मास्तर बोल्ट आवळायचे, पुन्हा एकदा आवळून बघायचे, आणि मग हाक मारायचे. बायको लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन यायची, रेघ ओढायची आणि जायची. घरात नियमच झाला होता, पट्टी नाही तर बोल्ट नाही. लेकीलाही तो पाठ होता.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी काम संपत आलं. राहिले होते फक्त मागच्या दोन चाकांजवळचे बोल्ट. शॉकअपचं खालचं टोक त्यांवर बसतं आणि त्या टोकाला आतून रबर असतं. गाडी हवेत लटकत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. म्हणून जाणकार माणूस तिथला नट आधी नुसता बोटांनी फिरवून ठेवतो, गाडी चाकांवर उभी करतो, जमलं तर चालवणाऱ्याला सीटवर बसवतो आणि मग शेवटचा आवळतो. घाईचा माणूस हवेतच आवळून मोकळा होतो. मास्तर घाईचे असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यांनी गाडी खाली उतरवली, चाकांखाली फळ्या सरकवल्या. लेक तलावावरून आली की तिला सीटवर बसवायचं आणि ते दोन बोल्ट आवळायचे, असं ठरवलं. ठरवलं ते मनातच. सांगायची गरज काय, पट्टी दिसली नाही तर लेक गाडीला हात लावणार नाही.

तेवढ्यात स्कूलच्या मालकांचा फोन आला. एका शिकणाऱ्या बाईंनी स्कूलची गाडी कोपऱ्यावरच्या चढावर बंद पाडली होती, आणि आता त्या स्टिअरिंग सोडायला तयार नव्हत्या. "तुम्हीच या, त्या दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत." मास्तर हात पुसत पुसतच निघाले.

बाईंना शब्दाशब्दाने खाली उतरवून, घरी सोडून ते स्कूलच्या गाडीनेच परतले. शेडचं दार सताड उघडं होतं. आत नुसत्या फळ्या पडलेल्या.

प्रथम त्यांना काही वाटलं नाही. लेकीने गाडी बाहेर धुवायला घेतली असेल. पण बाहेर गाडी नव्हती, आणि मोठा पाना फडक्यावर तसाच होता, त्यांनी ठेवला होता तिथेच.

पार्लरमध्ये बायको एका गिऱ्हाइकाच्या नखांना रंग लावत होती. "अगं, गाडी कुठंय?"

"घेऊन गेली ना ती. धरणाच्या रस्त्याला. नवीन स्प्रिंगा बघते म्हणाली."

"पट्ट्या न बघता?"

"बघितल्या की. टॉर्च घेऊन चारही चाकांपाशी वाकून बघितल्या. सगळीकडे होत्या."

"मागच्या दोघांवर पट्टी कुणी ओढली?"

बायकोचा ब्रश थांबला. "मी. गाडी खाली उतरवलेली दिसली, दोन बोल्ट कोरे दिसले. मला वाटलं, फोनच्या गडबडीत तुम्ही हाक मारायला विसरलात."

मास्तर म्हणाले, "ते बोटांनी लावलेत."

ब्रशवरचा थेंब गिऱ्हाइकाच्या बोटावर पडला आणि ओघळला. तिघांपैकी कुणीच तो पुसला नाही.

मास्तरांनी लेकीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. स्टिअरिंगवर बसताना फोन बंद करून खणात टाकायचा, ही शिस्त तिला लावली कुणी? मास्तरांनीच. शेकडो पोरांना सांगून सांगून घसा बसला, ऐकलं ते नेमकं पोटच्या पोरीने. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टीला मास्तर भ्याले, त्यातली एकही कधी घडली नव्हती. आता जे घडत होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने, नियमाने, सगळं बरोबर करून घडवलं होतं.

पाना उचलला, काढलेल्या जुन्या नटबोल्टांचा डबा उचलला आणि ते स्कूलच्या गाडीत बसले. बायको पार्लर उघडंच टाकून शेजारी येऊन बसली. मास्तरांनी गाडी सुरू केली आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका खाऊन बंद. क्लचवरचा पाय लटलट कापत होता. ज्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं, त्यांना क्लच सुटेना.

"सरका," बायको म्हणाली.

"तुला कुठे येतं?"

"येतं. लायसन्स आहे माझ्याकडे."

मास्तर बघतच राहिले. लग्नानंतर त्यांनी तिला शिकवायचा प्रयत्न केला होता खरा. दर दहा पावलांना हे ब्रेक दाबायचे. ती रडकुंडीला आली आणि शिकवणी मोडली. "कुणी शिकवलं?"

"पलीकडच्या चौकातल्या स्कूलने. भांडायचंय ते घरी येऊन भांडा. आधी सरका."

मास्तर आपल्या नेहमीच्या सीटवर आले. गाडी निघाली. डोक्यावर 'शिकाऊ' अशी मोठी पाटी घेऊन ती गावातून अशी सुटली की माणसं वळून बघायला लागली. पहिल्याच वळणावर गाडी खाडकन थांबली, कारण मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता.

"पाय वर!" बायको ओरडली. "वर घ्या म्हणते ना!"

मास्तरांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, मांडी घातली आणि मांडीवर पाना धरून बसले. जीव मुठीत धरणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. मूठ एवढीशी आणि तिच्यात दोन जीव.

धरणाचा रस्ता गाव सुटलं की चढाला लागतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला बुटका कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही. मास्तर प्रत्येक वळणावर कठडा बघत होते. कुठे तुटलाय का, कुठे लाल रंग घासलाय का. बघायचं नव्हतं, पण नजर जायचीच. बोल्ट बाहेर पडला की शॉकअप आणि स्प्रिंग जागा सोडणार, मागचं चाक आत बसणार, वळणावर गाडीचं बूड सरकणार. काय काय आणि कशामागून काय होणार ते त्यांना सगळं माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

एका वळणावर माणसांचा घोळका दिसला. सगळे कठड्यावरून खाली वाकून बघत होते. बायकोच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला आणि गाडीचा वेग गेला. मास्तर चालत्या गाडीतून उतरायला लागले. तेवढ्यात घोळक्यातल्या एकाने धरणाकडे पाठ करून फोन लांब धरला आणि बाकीचे त्याच्याभोवती हसत उभे राहिले. फोटो काढत होते. मास्तरांनी त्या अनोळखी माणसांना आयुष्यात कुणाला दिली नाही अशी शिवी दिली. बायकोने गिअर टाकला.

लाल गाडी पुढच्या चढाच्या मध्यावर उभी होती, अगदी कातळाला लागून, दिवे उघडझाप करत. मागचा भाग डावीकडे थोडा बसलेला. आत कुणी नव्हतं.

"कुठंय ती?" मास्तर म्हणाले. ते धावले. त्यांना धावताना त्यांच्या बायकोनेही कधी बघितलं नव्हतं.

लेक गाडीच्या पुढच्या बाजूला, कातळाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. धडधाकट होती. तोंड मात्र पांढरं पडलेलं, आणि हात असे कापत होते की तिने ते काखेत दाबून धरले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मागून टक् असा आवाज आला. एकदाच. मला वाटलं, खडा असेल. पुढे मोठं वळण होतं, म्हटलं वर जाऊन बघू. आणि मग..." ती थांबली. "आणि मग एकदम भीती वाटली हो. अशी कधीच वाटली नव्हती. पाय आपणहून ब्रेकवर गेला. मी दाबलाच नाही, तोच गेला."

आई तिला पोटाशी धरून रडायला लागली. "माझ्यामुळे गं, माझ्या मेलीच्या पट्टीमुळे."

मास्तर लेकीच्या कापणाऱ्या हातांकडे बघत होते. हे हात त्यांच्या ओळखीचे होते. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की पोरीने आपलं काहीच घेतलं नाही. जीव भांड्यात पडला आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग ते रस्त्यावर आडवे झाले. मागच्या डाव्या चाकाजवळचा बोल्ट अर्धा बाहेर आला होता. नट गेला होता. बोल्टाच्या टोकावर लाल रेघेचा अर्धा तुकडा तेवढा राहिला होता, उरलेला नटाबरोबर रस्त्यात कुठेतरी पडला असणार. अजून एक वळण घेतलं असतं तर बोल्टही गेला असता. मास्तरांनी स्कूलच्या गाडीचा जॅक लावला, बोल्ट जागेवर ठोकला, डब्यातला जुना नट चढवला, गाडी चाकांवर उतरवली.

"बस सीटवर," ते लेकीला म्हणाले.

ती उठून बसली. त्यांनी हात आत घालून नट आवळला, पुन्हा आवळून बघितला. उजवीकडचाही आवळला. बायको बाजूला उभी होती. नेलपॉलिशची बाटली तिच्या मुठीतच राहिली होती, घरून निघताना ठेवायचंही सुचलं नव्हतं. मास्तरांनी मान वर करून तिला हाक मारली. रोजच्यासारखीच.

ती जागची हलली नाही. "मी नाही ओढणार. आता कधीच नाही."

"तूच ओढायची," मास्तर म्हणाले. "आधी पाना लावून स्वतः बघ आणि मग ओढ. मी तुला सांगितलं नव्हतं, ती चूक माझी."

ती रस्त्यावर आडवी झाली. नवऱ्याचा पाना दोन्ही हातांनी धरून, ओठ दाबून तिने जोर लावला. नट हलला नाही. मग दोन्हीकडे रेघा ओढल्या. पहिल्यांदाच तिच्या रेघा वाकड्या आल्या.

लेक स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. "बाबा, शर्यतीला जाऊ का नको?"

हे तिने यापूर्वी कधी विचारलं नव्हतं. मास्तर किती दिवस या प्रश्नाची वाट बघत होते, आणि उत्तर तर त्यांच्या ओठांवर तयार होतं. बायकोलाही ते ठाऊक होतं. तीही थांबून ऐकत होती.

"भ्यालीस ना आज?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"मग जा," मास्तर म्हणाले. "आधी मी नवे नट घालतो, मग जा."

स्कूलची गाडी बायकोने एकटीनेच घरी न्यायचं ठरलं. तिला ब्रेक मारणारं कुणी शेजारी नव्हतं, आणि गाडी वळवताना ती जरा खूश दिसली. मास्तरांनी पाना आणि डबा तिच्या मागच्या सीटवर टाकला. मग लाल गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या दाराशी आले. वाकले, कण्हले, आणि त्या बुटक्या गाडीत कसेबसे शिरून बसले. पट्टा लावला. तो लागलाय की नाही ते दोनदा ओढून बघितलं.

लेकीने त्यांच्याकडे बघितलं. तिने गाडी हळूच सोडली. पहिलं वळण आलं. मास्तरांचा उजवा पाय पुढे गेला आणि चटईवर घट्ट रोवला गेला.

"बाबा, तिकडे ब्रेक नाही."

"माहितेय मला," मास्तर म्हणाले, आणि घर येईपर्यंत त्यांनी पाय काढला नाही.